साडेसहाचं ताट

बापटकाका सहाच्या बोलावण्याला सहाला येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या कॅरी गावात येऊन आम्हाला दोन महिने झाले होते, घर जरा लागलं होतं, म्हणून मी आमच्या रस्त्यावरच्या चार मराठी घरांना आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोघा-तिघांना शनिवारी जेवायला बोलावलं. अमेरिकेतल्या मराठी माणसाला 'सहाला या' म्हटलं की तो साडेसातला येतो, नऊपर्यंत भजी खातो, साडेनऊला 'भूकच नाही गं आता' म्हणत शिगोशीग ताट वाढून घेतो आणि अकराला गाडीत बसताना बायकोकडे जळजळीची गोळी मागतो. ही इथली रीत आहे, आणि मी ती बरीच वर्षं इमानानं पाळलेली होती. त्यामुळे सहाला मी गाऊनमध्ये, डोक्याला तेल थापून, कांदा परतत उभी होते.

बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली नाडीचा लेंगा. त्यांच्या मागे एक ठेंगण्या, गोऱ्या काकू, आधीच ओशाळलेल्या.

"सहाचं बोलावणं होतं ना?" गृहस्थ म्हणाले.

"हो, पण काका, अजून..."

"मग सहा वाजले." आणि चपला काढून सरळ आत.

स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली. मी मूळची कोल्हापूरची. दोन दिवस खपून तांबडा रस्सा, पांढरा रस्सा केला होता, सुकं मटण शिजत होतं, काकूंसारख्या शाकाहारी लोकांसाठी भरली वांगी होती. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "वरण-भात झालाय का? झाला असेल तर मला तेवढा वाढ. मी साडेसहाला जेवतो."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पाहुणा माणूस, पहिल्यांदा घरी आलेला, आणि बाकीच्यांसाठी थांबायचं नाव नाही. काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "वाढ बाई. यांच्याशी वाद घालून मी म्हातारी झाले." मी वाढलं. ते एकेक घास चावत, न बोलता जेवले, ताट स्वतः विसळलं आणि आमच्या ड्राइव्हवेवर शतपावली घालायला गेले. साडेसातला बाकीची मंडळी आली तेव्हा ते बाहेरच होते. ऑफिसातल्या एकाला वाटलं, गाड्या लावायला माणूस ठेवलाय. त्यानं काकांच्या हातात किल्ली दिली, आणि काकांनी खरोखरच गाडी नीट लावून दिली.

जाताना त्यांनी माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारची गोळ्यांची बाटली उचलली. होलसेल दुकानातली, तीनशे गोळ्यांची. "या गोळ्या मी तीस वर्षं तपासल्यात," ते म्हणाले. काका इथल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. "गोळी वाईट नाही हं. माझं घर तिच्यावर उभं राहिलं. पण ती औषधांच्या कपाटात असते. तुझ्याकडे ती मोहरी-जिऱ्याच्या रांगेत आली. याचा अर्थ कळतो का तुला?"

कळत होता ना. रोज ऑफिसला ड्राइव्ह करताना हायवेवर मी दोन गोळ्या चघळायची. पण म्हणून पहिल्याच भेटीत, चार लोकांत, बोलायचं? रात्री संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी म्हटलं, "हा माणूस पुन्हा माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही." पुढच्या महिन्यात काका आमच्या बेडरूममध्ये ड्रिल घेऊन पालथे पडलेले होते.

त्याचं असं झालं. संदीपला झोपेत आंबट पाणी घशाशी यायचं. तीन उशा घेऊन झोपायचा, तरी ठसका लागून उठायचा. काकांना हे कळलं मात्र, ते लाकडाचे दोन ठोकळे घेऊन हजर. गॅरेजमध्ये स्वतः कापलेले, सहा इंची, पलंगाचा पाय बसायला वरून खळगा केलेला. "उशांनी काय होतं?" ते पलंगाखालून बोलत होते. "उशांनी माणूस पोटात दुमडतो. पोट दाबलं जातं, आणखी वर येतं. अख्खा पलंग डोक्याकडून उचलायचा. पाणी उतारानं जातं, एवढं तर शाळेत शिकलास ना?" पहिल्या आठवड्यात संदीप रोज घसरत पायथ्याशी जायचा आणि मला शिव्या घालायचा. दुसऱ्या आठवड्यात ठसका थांबला. तिसऱ्या आठवड्यात हाच संदीप दुसऱ्यांच्या घरी जाऊन काकांना ठोकळे धरायला मदत करू लागला.

काकांचं सगळं शास्त्र एका वॉचमनवर चालायचं. "पोटाच्या वर एक दार आहे, आणि दारावर एक वॉचमन. दिवसभर तो बिचारा काम करतो. तुम्ही जेवून लगेच आडवे झालात की दारावर धक्के बसतात. तुम्ही पोट ठासून भरलंत, पट्टा आवळून बसलात, तरी धक्के बसतात. किती दिवस उभा राहील तो?" म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास. म्हणून डाव्या कुशीवर झोपायचं. म्हणून नाडीचा लेंगा, जो त्यांनी निवृत्तीच्या दिवसापासून घातला तो घातलाच. मुलाच्या ऑफिसच्या पार्टीलाही वर ब्लेझर आणि खाली लेंगा. काकू म्हणायच्या, "मेला तो वॉचमन, माझ्या सवतीसारखा घरात राहतो."

घरगुती उपायांवर मात्र त्यांचा आंधळा विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट मला आवडायची. कुणी थंड दूध म्हणालं की ते म्हणत, "पी. अर्धा तास बरं वाटेल, मग दुधाचंच पित्त होईल." कुणी पुदिन्याचा चहा म्हणालं की हात जोडत, "पुदिना वॉचमनला गुंगी आणतो, बये. बडीशेप चघळ, आल्याचा तुकडा घे, पण पुदिना नको." ते स्वतः जेवणानंतर दालचिनीच्या चवीचं च्युइंगगम चघळत, लाळ सुटते म्हणून. सत्तरी ओलांडलेला माणूस भर देवळात तोंड हलवत बसलेला पाहून काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी एकदा विचारलं, "काका, मला एक यादीच द्या ना. काय खायचं नाही त्याची."

"माझी यादी तुला काय कामाची? तुझं पित्त तुझं." त्यांनी मला वही आणायला लावली. दोन आठवडे, काय खाल्लं, किती वाजता, कधी जळलं, सगळं लिहायचं. माझी खात्री होती की तांबड्या रश्शाचा निकाल लागणार, आणि मी मनातून सुतकातच होते. दोन आठवड्यांनी काकांनी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "रस्सा निर्दोष आहे. दुपारी चार वाजताची कॉफी आणि रात्रीचं ते चॉकलेट, या दोघांना घराबाहेर काढ. आणि रस्सा खा, पण दुपारी." त्या क्षणी मी त्यांना वाकून नमस्कार केला, अगदी खरं सांगते.

एक मात्र त्यांनी प्रत्येकाला दरडावून ठेवलं होतं. "छातीतली जळजळ हातात गेली, जबड्यात गेली, घाम फुटला, तर मला फोन करायचा नाही. नऊ-एक-एकला फोन, थेट अॅम्ब्युलन्स. आणि घास अडकायला लागला, वजन उतरायला लागलं, तर डॉक्टर. तिथे बापटांचं काम संपलं."

दोन वर्षांत आमचा अख्खा रस्ता सुधारला. संध्याकाळी सातला आम्ही सात-आठ जण आमच्या गोल रस्त्यावर शतपावली घालायचो. सावकाश, कारण भरल्या पोटी भराभर चालणाऱ्याला काका हाकलून देत. शेजारचा डेल, निवृत्त पोस्टमन, कुत्रं घेऊन आमच्यात यायचा. तो पाचलाच जेवतो हे कळल्यावर काकांना त्याच्याविषयी जो आदर वाटू लागला, तो त्यांना सख्ख्या भावाविषयीही नव्हता.

मग गावातल्या मराठी मंडळाचं नाटक आलं. भारतातून मंडळी आली होती, आणि काकांनी भांडून, कमिटीचा दोनदा राजीनामा देऊन, आधी जेवण मग नाटक असं ठरवून घेतलं. सहाला पंगत, आठला पडदा. पुरणपोळी होती. दुसऱ्या अंकापर्यंत अर्धं सभागृह घोरत होतं. नायिकेनं रडता रडता थांबून समोर पाहिलं, असं म्हणतात. अध्यक्ष तावातावानं काकांकडे आले, "बघा, बघा तुमच्यामुळे काय झालं ते!" काका शांतपणे म्हणाले, "बसून झोपलेत ना? आडवं तर कुणी झालं नाही!"

असा हा माणूस. सगळ्या कॅरीनं त्यांचं ऐकलं. एकच माणूस ऐकत नव्हता, आणि तो त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

रोहन टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहायचा. चाळिशीचा, एकटा, मोठ्या हुद्द्यावर. रात्री दहाला लॅपटॉपसमोर जेवायचा आणि तिथेच कोचावर लवंडायचा. फोनवर बोलताना दर दोन वाक्यांनी घसा खाकरायचा. ते खाकरणं काका बोटांवर मोजत. वर्षभर ते त्याला सांगत होते, डॉक्टरकडे जा, दुर्बिणीनं तपासून घे. रोहनचं उत्तर ठरलेलं, "आय अॅम फाइन, बाबा." काकांनी ठोकळे पोस्टानं पाठवले. पोस्टाला ठोकळ्यांच्या किमतीच्या चौपट पैसे पडले. सहा महिन्यांनी काकू तिकडे गेल्या तेव्हा खोकं न उघडता कपाटात होतं.

त्या सुमाराला एकदा शतपावलीला आम्ही दोघंच होतो. काका मधेच थांबले. ते पावलं मोजताना कधी थांबत नसत.

"वैशाली, त्याला ही सवय मी लावली," ते म्हणाले. "मी सुरुवातीला सेकंड शिफ्टला होतो. घरी यायला साडेनऊ. हिचं एक होतं, बापाशिवाय पान वाढायचं नाही. सात वर्षांचं पोर खिडकीत बसून राहायचं. मी आलो की आम्ही तिघं जेवायचो, आणि सकाळी शाळा म्हणून जेवल्याबरोबर त्याला झोपवायचं. पाच वर्षं. आणि मला काय वाटायचं माहितेय? किती गुणी मुलगा! दिवसभर जळजळीच्या गोळ्या तपासून आलेला माणूस मी. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही."

मी म्हटलं, "काका, चला, त्रेसष्ट पावलं झाली होती."

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला रोहन आला. काकांना हा सण फार प्रिय. "दुपारी तीनला जेवतात! याला म्हणतात संस्कृती." आम्हालाही बोलावलं होतं. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. रोहनचा ऑफिसचा कॉल लांबला. काका तीनला बसले आणि साडेतीनला उठले. चारला रोहन खोलीतून आला तेव्हा टेबलावर एकच ताट उरलं होतं.

तो मुकाट्यानं जेवायला बसला. तिसऱ्या-चौथ्या घासाला त्याचा हात छातीवर गेला. डोळे बंद केले, पाणी प्यायला, पाणीही उतरेना. उठून खिडकीशी उभा राहिला. अर्धं मिनिट असेल. घास उतरल्यावर तो वळला, तर काका समोर, पांढरे फटक.

"हे कधीपासून होतंय?"

"बाबा, प्लीज. नॉट नाऊ."

"घास अडकतोय तुझा! मी लोकांना सांगतो, अडकला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि माझा स्वतःचा..."

"यू टेल एव्हरीवन," रोहन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मग तो मराठीत बोलला, अडखळत. "मी सात वर्षांचा होतो तेव्हा रोज तुमच्यासाठी थांबायचो, बाबा. दॅट वॉज द बेस्ट पार्ट ऑफ माय डे. तुम्ही माझ्यासाठी कधी थांबलात? काल माझं फ्लाइट आठला आलं, तुम्ही जेवले होते. आज पण. आय ईट अलोन देअर अँड आय ईट अलोन हिअर."

मी आणि संदीप जिलब्यांचा डबा घेऊन हळूच सटकलो.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी रोहन शाळेतल्या मित्रांना भेटायला गेला, साडेनऊला परतला. घरात येऊन बघतो तर बाप टेबलाशी बसलेला. दोन ताटं मांडलेली, दोन्ही कोरी. साडेसहा गेले, साडेसात गेले, काकू तीनदा म्हणाल्या, अहो, जेवून घ्या. "आज नाही," एवढंच. रोहन आल्यावर दोघं जेवले. उरलेला मसालेभात, तळलेले पापड, जिलबी सुद्धा. रोहनला कुठे अडकू नये म्हणून काका त्याला दाखवून दाखवून बारीक घास घेत होते. काकू म्हणाल्या, इतक्या वर्षांत ते दोघं एवढं बोलले नव्हते.

आणि मग जे व्हायचं ते झालंच. नियमाच्या माणसाचं पोट ते, त्याला असले लाड कुठले झेपणार! काका रात्रभर आरामखुर्चीत ताठ बसून. रोहन शेजारी. वडिलांची पाठ चोळत तो म्हणाला, "व्हाय वुड यू डू दिस? तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं," काका म्हणाले. "तू किती जळत असशील तेही बघायचं होतं."

पहाटे रोहननं कबूल केलं. "ओके. तो दुर्बिणीचा स्कोप करून घेतो. पण तुम्ही पुन्हा असं करायचं नाही."

"मग तू साडेसहाला घरी ये."

"बाबा, तुम्ही कॅरीत राहता."

"तेवढंच ना?" काका म्हणाले.

तपासणीत निघालं की अन्ननलिकेचं खालचं टोक वर्षानुवर्षं सोलवटून अरुंद झालं होतं. वाईट काही नव्हतं, देवाची कृपा. डॉक्टरांनी ती रुंद केली, गोळ्या दिल्या. काकूंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून ढसाढसा रडले. आणि माझ्या गोळ्यांना नाक मुरडणारे काका रोज सकाळी रोहनला फोन करून विचारू लागले, "गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतलीस ना? आधी, नंतर नाही!"

वसंतात त्यांनी घर विकलं. पस्तीस वर्षांचं घर, तीन आठवड्यांत. शेवटच्या संध्याकाळी सगळा रस्ता शतपावलीला आला होता. डेलच्या कुत्र्यालाही अंदाज आला असावा, ते काकांच्या पायांतून हलेना. काकांनी ड्रिल संदीपला दिलं आणि मला म्हणाले, "चार वाजता कॉफी पिऊ नकोस." मी उगाच भांडले. म्हटलं, "पिणार! तुम्ही बघायला आहात का आता?"

परवा भाचीच्या डोहाळजेवणासाठी मी फ्रिस्कोला गेले होते. काकूंनी लगेच सहाचं बोलावणं केलं. मी सहाच्या ठोक्याला बेल वाजवली. दार काकांनी उघडलं. तोच लेंगा, तोंडात तेच च्युइंगगम. रोहनच्या खोलीत मी मुद्दाम डोकावले. पलंगाखाली ठोकळे होते.

साडेसहाला काकूंनी चार ताटं मांडली. वरण-भात, भोपळ्याची भाजी, आणि माझ्यासाठी वाटीभर तिखटजाळ झुणका. काका पाटावर बसल्यासारखे ताठ बसले आणि हात मांडीवर ठेवून घड्याळाकडे बघू लागले. रोहनचा मेसेज आला होता, ट्रॅफिक आहे. सहा चाळीस झाले. सहा पन्नास झाले. काकांनी च्युइंगगम कागदात गुंडाळलं, चमचा सरळ केला, पुन्हा सरळ केला. पहिल्या दिवशीचा माझा राग मी काही विसरले नव्हते. अशी संधी कोण सोडणार!

"काका," मी म्हटलं, "सात वाजत आले. भूक लागली नाही का? तुमच्या वॉचमनचं काय?"

"गप बस," काका म्हणाले. "उभा आहे तो. राहील थोडा वेळ."

सात वाजून पाच मिनिटांनी गॅरेजचं दार वर जाण्याचा आवाज आला. काकू वरण पुन्हा गरम करायला उठल्या. काकांनी घड्याळावरची नजर काढली आणि पहिल्यांदा ताटाला हात लावला. स्वतःच्या नव्हे, शेजारच्या. ते थोडं आपल्या बाजूला ओढून घेतलं आणि म्हणाले, "आला."